शून्याच्या खालचं वजन

१

बाबा पलंगावरून उठले की पुढच्या खोलीत माझ्या टेबलावर बझर वाजायचा. मी हातातलं काम टाकून मागच्या खोलीत पळायची आणि म्हणायची, "बाबा, हाक मारायला तोंड नाही का?" आणि बाबा म्हणायचे, "हाक मारायच्या आत तर तू येतेस." हे दिवसातून चार-सहा वेळा ठरलेलं.

बझर मीच बसवला होता. माझा धंदा वजनकाट्यांचा. दुकानातले, गोदामातले, दवाखान्यातले, जे काटे खोटं बोलायला लागतात ते माझ्याकडे येतात आणि सुतासारखे सरळ होऊन परत जातात. बाबा मात्र सरळ होणाऱ्यांतले नव्हते. आयुष्यभर त्यांनी कारखान्यात क्रेन चालवली. छताखालच्या केबिनमध्ये बसून टनावारी लोखंड इकडून तिकडे नेलं, पण हातून कधी माल पडला नाही, याचा त्यांना कोण अभिमान. आणि स्वतः पडले ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की एकट्यानं उठू देऊ नका, पुन्हा पडले तर पुन्हा उभे राहणार नाहीत.

सांगून ऐकतील तर ते बाबा कसले? म्हणून मी त्यांच्या लोखंडी पलंगाच्या चार पायांखाली भार मोजणारे चार सेन्सर ठेवले. पलंग रिकामा असताना स्क्रू पिळून आकडा शून्यावर आणला, म्हणजे पलंगाचं स्वतःचं तीस किलो वजन हिशेबातून गेलं. बाबा झोपलेले असले की डिस्प्लेवर त्यांचं वजन. उठले की शून्य. शून्य आलं की मिनिटभर बझर.

"मी काय बटाट्याचं पोतं आहे?" बाबांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"पोतं बरं. सांगितलेल्या जागी राहतं तरी."

शेवटी मी गुडघ्यांवर बसून प्रत्येक पायाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहिली. ही वस्तादांची शिकवण. ज्यांच्याकडे मी काम शिकले त्या म्हाताऱ्यांना सगळे वस्ताद म्हणतात. ते म्हणायचे, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, कागदावर ठेव. पाय टेकलेला असेल तर पट्टी आत जात नाही. गेली, तर काटा कितीही छान दिसो, तो अधांतरी आहे. माझ्या खिशात अशी एक पट्टी कायम असते. त्या दिवशी चारही पायांनी ती बाहेरच अडवली.

२

पहिली खोट दिसली ती बाबांच्या वजनात. ते कमी व्हायला लागलं.

आधी किलोभर, मग आणखी दोन. मी दुधाचे पेले वाढवले, अंडी वाढवली, ताटासमोर बसून लहान मुलासारखं भरवलं. बाबा वैतागले. सकाळी त्यांना अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अहो ताई, पोट सुटलंय त्यांचं. कुठे बारीक झालेत?" मला ते पटेना. आकडा समोर दिसत असताना पोटाकडे कोण बघतं?

शेवटी मी त्यांना चाकांच्या खुर्चीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर बाबा अठ्ठावन्न किलो भरले. ऑपरेशनच्या आधीही तेवढेच होते. तो काटा मीच मागच्या महिन्यात दुरुस्त करून दिला होता, त्यामुळे त्याच्यावर संशय घेण्याची सोय नव्हती.

"म्हणजे काटा तुझाच खोटा," परत येताना बाबा म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला होता, की कोपऱ्यापर्यंत ते हसत होते. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

मला राग आला, पण खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. काटा खोटा असला तर दुरुस्त करता येतो.

३

बाबांना खिडकीशी खुर्चीत बसवून आणि डिस्प्ले पलंगाशी आणून मी रिकाम्या पलंगावर वीस किलोची प्रमाणित वजनं ठेवली. डिस्प्लेनं अकरा दाखवले. सेन्सर काढून टेबलावर आणले, तिथे पलंगाच्या जागी आणखी तीस किलो आणि वर तीच वजनं ठेवली, तर वीस. पुन्हा पलंगाखाली ठेवले, पुन्हा अकरा. पट्टी काढून चारही पायांखाली पाहिलं. चारही टेकलेले.

वजनं उतरवली आणि आकडा शून्यावर आला. मी त्या शून्याकडे बघत उभी राहिले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते हलत नव्हतं.

खरं शून्य कधी गप्प बसत नाही. पंखा फिरत असतो, रस्त्यावरून ट्रक जातो, भिंतीपलीकडे कुणी दार आपटतं. प्रत्येक गोष्टीबरोबर आकडा चुळबुळतो, चिमूटभर वर जातो, पुन्हा खाली येतो. हे शून्य दगडासारखं होतं. मी पलंगाशेजारी पाय आपटला, तरी शून्य.

मी वस्तादांना फोन लावला.

"एवढं स्थिर?" ते म्हणाले. "अगं मग ते शून्य नव्हेच. सेन्सरचं व्होल्टेज मोजणारी तुझी चिप कुठून कुठपर्यंत वाचते?"

"शून्य ते पाच व्होल्ट."

"आणि सेन्सरनं उणे व्होल्टेज दिलं तर?"

मी जीभ चावली. चिपला शून्याच्या खालचं दिसत नाही. तिच्या लेखी खाली काही नसतंच. सेन्सरनं उणे व्होल्टेज दिलं, थोडं दिलं किंवा खूप दिलं, तरी ती बापडी शून्यच सांगणार. मी ज्याला रिकामा पलंग समजत होते तो आकडा शून्याच्या खाली कुठेतरी होता. किती खाली, ते चिपला सांगता येत नव्हतं.

"शून्य पिळताना चुकली असशील," वस्ताद म्हणाले. "लग्नघाईनं केलेली कामं अशीच. सिग्नल अडीच व्होल्टांनी वर ढकल, म्हणजे शून्य मधोमध येईल आणि खालचंही दिसेल. आणि बापाला म्हणावं, पोरगी अजून शिकतेय."

मी हसले. शून्य मी घाईनं पिळलं नव्हतं, हे मात्र मला पक्कं आठवत होतं.

४

चार रेझिस्टर आणि एक छोटी चिप, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते जोडलं. बाबा अंघोळीला गेले होते, न्हाणीघरातून मावशींची बडबड ऐकू येत होती. पलंग रिकामा होता. मी पुढच्या खोलीत येऊन डिस्प्ले चालू केला.

उणे नऊ.

वीसचे अकरा का दिसत होते ते कळलं. पण आता आकडा हलत होता. उणे नऊ, उणे नऊ पॉइंट चार, पुन्हा नऊ. सेन्सरवर जेवढा भार कमी तेवढा आकडा खाली, म्हणजे पलंग स्वतःच्या वजनापेक्षा नऊ किलोंनी हलका झाला होता. मी मनाशी कारणं मांडायला लागले. फरशी एका बाजूला दबली असेल. तार ढिली असेल. उन्हानं सेन्सर तापला असेल. पलंगावर सावली होती, पण मी तेही कारण सोडलं नाही.

मग आकडा उतरला. उणे अकरा. थांबला. उणे चौदा. पुन्हा थांबला. नंतर सावकाश उणे नऊवर परत आला. तापलेला सेन्सर असा वागत नाही. जड पेटी उचलण्याआधी माणूस पकड बदलून बघतो, आधी थोडा जोर लावतो, मग जास्त, तसं काहीसं ते होतं. मी तो विचार झटकून टाकला. शिकल्यासवरल्या बाईनं सुतावरून स्वर्ग गाठू नये.

मावशी हात पुसत आल्या. "ताई, बरं केलंत पलंग बदललात ते."

"पलंग? तोच आहे की."

"इश्श! आधी मला जागचा हलायचा नाही. आता खालची फरशी पुसताना एका हातानं पाय उचलते. पिसासारखा लागतो."

मी मागच्या खोलीत गेले. खिडकीतून भरपूर ऊन आत येत होतं, फरशी नुकती पुसलेली, ओली होती. मी पलंगाची कड धरून उचलली. ती सहज वर आली, अगदी माझ्यासाठी कुणीतरी अर्धी उचलून धरल्यासारखी. मी कड खाली ठेवली आणि वाकून पलंगाखाली पाहिलं. काही नव्हतं. सपाट फरशी, पलीकडची भिंत, कोपऱ्यात बाबांच्या चपला. मी हात घालून आडवा फिरवला. हाताला काही लागलं नाही.

तरी हात बाहेर काढल्यावर मी तो बराच वेळ ओढणीला पुसत होते.

५

बाबांना सांगायचं नाही असं ठरवलं. आजारी माणसाला कशाला घाबरवायचं? दुपारी जेवण झालं, त्यांना झोपवलं, मावशी गेल्या. मी पुढे येऊन एका किराणावाल्याचा काटा उघडला. डिस्प्ले मुद्दाम समोर ठेवला होता. बाबांच्या अठ्ठावन्नाऐवजी तो चव्वेचाळीस दाखवत होता.

थोड्या वेळानं बघितलं तर तीस. मग वीस.

मी पेचकस खाली ठेवला. आकडा सावकाश, एका लयीत उतरत होता. कुणी घाईनं उठलं तर आकडा धाडकन पडतो. हा उतरत होता. दहा. चार. शून्य आलं आणि बझर वाजायला लागला.

बाबा उठले! मी धावले. मागच्या खोलीचं दार ढकललं.

बाबा पलंगावर झोपलेले होते. उताणे, दोन्ही हात छातीवर, डोळे मिटलेले. पुढच्या खोलीतला बझर घसा फोडून सांगत होता की पलंगावर कुणी नाही, आणि बाबा माझ्या डोळ्यांसमोर शांत श्वास घेत होते. मी उंबऱ्यातच थिजले.

"बंद कर गं ते," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "आणि टेकव आता. किती वेळ धरशील?"

"काय टेकवू?"

"पलंग. रोज दुपारी उचलायला जोर लावतेस, आज उचललासच." ते हसले. "मी बोललो नाही, म्हटलं काटा तपासत असेल पोरगी. पण हात चांगला आहे हं तुझा. धक्का म्हणून लागू देत नाहीस."

"बाबा, मी दारात उभी आहे."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग पायथ्याकडे. तिथे कुणी नव्हतं. हसू त्यांच्या चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

"तू नाहीस?"

"नाही."

बाबांनी तळहात पलंगाच्या कडेवर ठेवला. मग क्रेनबद्दल बोलताना त्यांचा जो आवाज असायचा, त्या आवाजात म्हणाले, "मग कुणीतरी शिकलेला आहे. नवशिका एकदम उचलतो. शिकलेला आधी केसभर उचलतो आणि थांबतो. माल नीट बांधलाय का, आपल्याला झेपतोय का, ते बघतो. झेपला तर मग वर."

मला भीती वाटली. साधी भीती, लहानपणी आईचा हात गर्दीत सुटल्यावर वाटली होती तशी. मी चाकांची खुर्ची पलंगाला लावली, बाबांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उचलून खुर्चीत घेतलं. खुब्याची काळजी घेतली की नाही, मला आठवत नाही. ते कण्हले.

आम्ही दाराबाहेर पडत असताना मागे बारीकसा आवाज झाला. टक. जड वस्तू जपून फरशीवर ठेवल्यासारखा. मी वळून पाहिलं नाही.

६

बाबांना मी माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर झोपवलं. लाकडी, जुना पलंग. त्याच्याखाली सेन्सर नाहीत, तारा नाहीत. खिडकी उघडली, पंखा लावला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, समोरच्या घरात रेडिओ चालू होता. भर दुपार होती. इतक्या उजेडात असलं काही असतं का, असं मलाच वाटायला लागलं.

"तुझा पलंग मऊ आहे," बाबा म्हणाले. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. ते दमले होते, त्यांचे डोळे मिटायला लागले होते.

मी पुढच्या खोलीत आले. बझर थांबला होता. डिस्प्लेवर शून्य होतं, आणि ते चुळबुळत होतं. थोडं वर, थोडं खाली. बाहेरून ट्रक गेला तसं ते अंग झटकल्यासारखं हललं आणि पुन्हा जागेवर आलं. इतकं छान, जिवंत शून्य मी किती दिवसांनी पाहत होते! पलंगाचं तीस किलो वजन त्याला परत मिळालं होतं. आता उचलणारं कुणी नव्हतं.

मी खुर्चीत बसले आणि हसले. डोळ्यांत पाणी आलं. बाबांना सोडवलं होतं मी. उद्या तो पलंग भंगारात देणार होते, काटा आणणाऱ्यांना चार दिवस यायला नको म्हणणार होते. वस्तादांना सांगितलं तर ते आयुष्यभर चिडवतील, म्हणून त्यांना सांगायचंच नाही, हेही ठरवून टाकलं.

चहा टाकायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

रिकामा पलंग आधीही रिकामाच होता. सकाळी बाबा अंघोळीला गेले होते तेव्हाही त्यावर कुणी नव्हतं, आणि तरी आकडा उणे नऊ होता, कुणीतरी पलंगाची पकड बघत होतं. का? तर बाबा त्या पलंगावर परत येणार होते. आता ते परत येणार नव्हते. म्हणून त्यानं पलंग सोडला होता.

७

मी माझ्या खोलीच्या दारात पोचले तेव्हा सगळं जसंच्या तसं होतं. पंखा फिरत होता. बाबा उताणे झोपले होते, हात छातीवर. रेडिओवरचं गाणं बदललं होतं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले आणि स्वतःला म्हटलं, बघ, काही नाही. घरी जाऊन झोप म्हणणारं कुणी हवं होतं, पण हेच तर माझं घर.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, कागदावर ठेव. मी खिशातून पट्टी काढली.

पलंगाशी गुडघे टेकले. लाकडाचा पाय फरशीवर नीट उभा दिसत होता. मी पट्टीचं टोक त्याच्या कडेला लावलं आणि सरकवलं. ते कुठेही न अडता आत गेलं. मी पट्टी या बाजूनं त्या बाजूला ओढली. ती पायाखालून आरपार फिरली.

दुसरा पाय. आरपार. भिंतीकडचे दोन पाय मी पोटावर सरपटत जाऊन पाहिले. पलंगावर माझा बाप झोपला होता, आणि त्या पलंगाचा एकही पाय जमिनीवर नव्हता.

"खाली काय करतेस?" वरून बाबांचा आवाज आला.

मी बाहेर आले. "बाबा, उठा. खुर्चीत बसा. आत्ता, लगेच."

"थांब गं," ते हळूच म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, छताकडे बघत होते. "आधी खाली तर ठेवू दे त्याला."

मी त्यांना ओढायला हात पुढे केले आणि मागे घेतले. ओढताना मध्येच पलंग सुटला तर? खुबा तुटला तर? डॉक्टरीणबाईंचं वाक्य कानात वाजत होतं. माझ्याकडे दुसरं काय होतं? आयुष्यभर मी वजनंच हाताळली. मी हातातली पट्टी पलंगाच्या पायाखाली सरकवून सोडली, पलंगावर चढले आणि बाबांच्या शेजारी सगळ्या अंगानं आडवी पडले. त्यांना घट्ट मिठी मारली. मी चांगली सत्तर किलोंची बाई आहे. मनात म्हटलं, घे, आता उचलून दाखव.

पलंग खाली आला. टक. चारही पाय फरशीला लागले. ती टक मला पाठीत जाणवली आणि मी रडायलाच लागले. कडेवरून वाकून पाहिलं, तर पट्टी पायाखाली अडकली होती. तिचं मोकळं टोक पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होतं, पण ती जागची हलत नव्हती. पाय टेकलेला होता. मी त्या कागदाच्या तुकड्यावरून नजर काढली नाही.

"बाबा, टेकलाय. टेकलाय हो."

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थंड होता. आयुष्यात पहिल्यांदा मला माझे बाबा घाबरलेले दिसले.

"तू का चढलीस, पोरी?" ते म्हणाले. "माल वाढला की शिकलेला माणूस खाली ठेवतो. पकड बदलतो. जोर वाढवतो. आणि पुन्हा बघतो."

"नाही झेपायचं त्याला."

"हलू नकोस," बाबा कुजबुजले आणि त्यांनी मला धरलं. "वर जाताना माल हलला की घात होतो."

मी हलले नाही. श्वासही धरून ठेवला होता. धक्का लागला नाही, आवाजही झाला नाही. फक्त खाली पट्टीची फडफड थांबली, आणि ती पायाखालून सुटून, फरशीवरून सावकाश सरकत, दाराकडे गेली.